अत्तर : लावणे आणि पारखणे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या ऋतूत गावोगावी व्याख्याने होत आली आहेत. त्यांत राजकारण झाले, अर्थकारण झाले, अध्यात्म तर पुष्कळच झाले. अशा या व्यासपीठावर आम्ही अत्तरावर बोलणार हे कळल्यावर आमच्या एका स्नेह्याने विचारले, "त्यात तासभर बोलण्यासारखे आहे काय? हाताला लावायचे, नाकाशी न्यायचे, झाले!" आम्ही त्यांना उत्तर दिले नाही, फक्त आजच्या सभेला येण्याचे निमंत्रण दिले. ते समोर बसलेले दिसतात. तेव्हा आता उत्तर देणे आम्हांला भागच आहे.

आमचा जन्म इंदापूरचा आणि पुढचे सारे आयुष्य गेले बारामतीस. या दोन गावांच्या मुलखाला सुगंधाचा मुलूख असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. भवानीनगरचा, माळेगावचा, सोमेश्वरचा गळीत हंगाम सुरू झाला, की हवेत मळीचा वास भरतो. पाहुणा एस. टी. तून उतरला की नाकाला रुमाल लावतो आणि विचारतो, "हा कसला हो वास?" आपण म्हणतो, "कसला वास?" या आपल्या उत्तरात थट्टेचा भाग काही नाही. आपल्याला तो खरोखरच येत नाही. एकच वास सतत नाकावर येत राहिला, की नाक त्याची दखल घेणे सोडते. ही गोष्ट पदरी बांधून ठेवा. अत्तर पारखताना आणि लावताना हिचा दोनदा उपयोग होणार आहे.

वासांची आपल्याकडे वाण आहे असेही नाही. आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला येते, बेलवाडीला रिंगण होते, पुढे इंदापूर. त्या गर्दीत बुक्क्याचा, तुळशीच्या माळांचा, घामाचा आणि भिजल्या मातीचा मिळून जो वास येतो, तो ज्याने एकदा घेतला तो डोळे मिटून ओळखील. उरुसात दर्ग्यावर चंदनाचा लेप वाजतगाजत नेतात, त्या मिरवणुकीचे नावच मुळी 'संदल'. देवळात सहाणेवर खोड उगाळून गंध काढतात ते चंदनच. नीरा नरसिंगपूरच्या नृसिंहापुढे आणि पिराच्या मजारीवर एकाच झाडाचे लाकूड झिजते, हे आपण फारसे ध्यानात घेत नाही. आणि लग्नाच्या मांडवाच्या दारात अत्तरदाणी व गुलाबदाणी घेऊन उभी असलेली दोन मुले! ती नसली तर जुन्या माणसांना आपण लग्नाला आलो की बाजाराला, असा प्रश्न पडतो.

त्या अत्तरदाणीपासूनच आरंभ करू. दारातला मुलगा अत्तराची काडी किंवा बोट आपल्या मनगटाच्या मागे, हाताच्या पाठीवर फिरवतो. तळहातावर का नाही? तळहाताला घाम फार, काम फार. तिथले अत्तर जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर संपते आणि वरणभाताला मोगऱ्याचा वास येतो. हाताची पाठ मोकळी राहते, अंगाची ऊब तिला मिळत राहते आणि वाटेल तेव्हा ती नाकाशी नेता येते. उरलेल्या अत्तरात कापूस बुडवून त्याचा फाया कानाच्या पाळीत ठेवीत. तिथेही तोच हिशेब. ऊब मिळते, वारा फारसा लागत नाही, म्हणून सकाळचा फाया संध्याकाळपर्यंत वास देतो. हे ज्यांनी ठरविले त्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नव्हते. पण त्यांनी पाहिले होते पुष्कळ.

अत्तर पारखावे कसे हे आम्ही पुस्तकांतून शिकलो नाही. ते आम्हांला आमच्या आत्याने शिकविले. आत्या बाविसाव्या वर्षी विधवा होऊन इंदापूरला आमच्या घरी परत आली आणि अखेरपर्यंत आमच्यातच राहिली. तिचे नाक साऱ्या आळीत प्रसिद्ध होते. तूप कढल्यावर नेमके कधी उतरवायचे, लोणच्याचे तेल जुने आहे की नवे, पेवातल्या ज्वारीला ओल लागली की नाही, हे ती दुरूनच सांगे. घरात कुणाचे लग्न ठरले, की अत्तर घेण्याचे काम तिच्या सल्ल्याशिवाय होत नसे.

१९६८ साली आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न निघाले. बाजाराच्या दिवशी एक फिरता अत्तरवाला लाकडी पेटी घेऊन आला. लाल मखमलीच्या खणांत चिमुकल्या कुप्या मांडलेल्या. त्याने गुलाबाची कुपी उघडली मात्र, ओसरी भरून गेली. आम्ही मुले खूष, वडील खूष. वडिलांनी पैशाच्या पिशवीला हात घातला, तेवढ्यात आत्या आतून म्हणाली, "दादा, थांब. नुसता भपका आहे. एक बोट कापसावर घे आणि ठेव कोनाड्यात. उद्या सकाळी बघू." अत्तरवाला म्हणाला, "बाई, अस्सल चंदनावर ओढलेला माल आहे." आत्या म्हणाली, "मग तर उद्यापर्यंत कुठे जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस आम्हीच नाकाशी नेला. गुलाब नव्हता, चंदनही नव्हते. दिव्याच्या वातीला यावा तसा मंद तेलकट वास तेवढा होता. त्या अत्तरवाल्याला दोष देण्यासाठी आम्ही ही हकीकत सांगत नाही. त्यालाही कुणीतरी तसेच सांगून माल दिला असेल. सांगायचे ते हे, की अत्तर पहिल्या क्षणाला विकले जाते आणि दुसऱ्या दिवशी कळते.

हे असे का होते, ते आता पाहू.

फुलांचे अत्तर काढण्याची आपल्या देशातली जुनी पद्धत कनौजला आजही चालू आहे. तांब्याचे मोठे भांडे, त्याला देग म्हणतात. त्यात फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपून बंद करतात. खाली लाकडाचा किंवा गोवऱ्यांचा जाळ. देगेतून एक बांबूची नळी निघते, ती दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात जाते. हे भांडे थंड पाण्यात बसविलेले असते आणि त्याचे नाव भपका. वाफ नळीतून भपक्यात येते, थंड होते, आणि फुलांचा अर्क भपक्यात आधीच ओतून ठेवलेल्या चंदनतेलात मुरतो. पाणी आणि तेल वेगळे झाले, की पाणी काढून टाकायचे, देगेत ताजी फुले घालायची आणि तेच तेल घेऊन पुन्हा सारे करायचे. असे कित्येक दिवस चालते. आमच्या बोलण्यात भपका म्हणजे डोळे वा नाक दिपविणारा देखावा; कनौजच्या कारागिराच्या बोलण्यात भपका म्हणजे ज्या भांड्यात वास शांतपणे मुरतो ते भांडे. एकाच शब्दाच्या या दोन टोकांत आजचे आमचे सारे व्याख्यान आहे म्हटले तरी चालेल.

भपक्यात चंदनाचेच तेल का? फुलांच्या वासाचे कण हलके असतात, लवकर उडतात. मोगऱ्याचा गजरा सकाळी सुकतो तो त्यामुळेच निर्वास. चंदनतेलाचा मुख्य घटक सँटालॉल. तो जड आहे, सावकाश उडतो. त्याचा स्वतःचा वास मऊ, दुधट, थोडा लाकडाचा. फुलाला तो झाकत नाही, आणि फुलाला निघून जाण्याची घाईही करू देत नाही. घरात आलेल्या पाहुण्याला 'बसा हो, काय घाई आहे?' म्हणणारा यजमान असतो, तसे चंदन.

विलायती सुगंधकारांनी हीच गोष्ट तीन पायऱ्यांत मांडली आहे. पहिली पायरी माथ्याची : लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांसारखे वास, दहा-पंधरा मिनिटांत संपतात. दुसरी हृदयाची : गुलाब, जाई, चाफा, तास दोन तास, कधी अधिक. तिसरी तळाची : चंदन, देवदार, वाळा, ऊद, ही रात्रीपर्यंत, कपड्यावर तर दुसऱ्या दिवसापर्यंत. विलायती सुगंध मद्यार्कात मिसळलेला असतो. फवारा उडताच मद्यार्क उडतो आणि आपल्याबरोबर हलक्या वासांचा एक लोट वर आणतो. अत्तरात मद्यार्क नसतो, म्हणून अस्सल अत्तर आरंभी लाजाळू असते. अंगाच्या उबेने ते हळूहळू बोलू लागते. ज्याला पहिल्याच वाक्यात सारे ऐकायचे आहे त्याला ते मुकेच वाटणार.

फुले आणि चंदन यांची ही जोडी आपलीच आहे असा अभिमान आम्ही बाळगतो; परंतु तिचा मोह साऱ्या जगाला आहे. १९८९ साली पॅरिसच्या गेर्लां नावाच्या जुन्या सुगंधगृहाने एक सुगंध काढला. त्याच्या गाभ्याशी दोनच गोष्टी : जाई आणि भारतातले चंदन. नाव ठेवले 'संसारा'. आमच्या पुतण्याने परदेशातून त्याची एक कुपी आणली तेव्हा आमच्या घरात मोठी मौज झाली. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "सणसरला कधी निघाला हा कारखाना?" सणसरला साखर निघते, सुगंध नव्हे, हे त्यांना समजावून सांगितले. तरी नाव मात्र ठेवणाऱ्याने विचार करून ठेवले असावे. भरगच्च फुले, गोडवा आणि खाली न संपणारे चंदन. एकदा अंगाला लागले की सुटका नाही! अशा सुगंधाला संसार म्हटले तर आमच्या बायकामंडळींची हरकत नसावी.

ही कुपी आम्ही आत्याच्याच रीतीने पारखली. ती रीत आपल्यालाही सांगतो.

पहिली गोष्ट, वेळेची. सकाळी, जेवणाआधी, नाक ताजे असताना पारखावे. त्या दिवशी सुगंधी साबण, केसांना सुवासिक तेल वर्ज्य. दोनांहून अधिक सुगंध एका बैठकीत घेऊ नयेत, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे नाक दमते. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात. त्यांनी नाक ताजे होते असा समज आहे. पण याची परीक्षा करून पाहिली तेव्हा साध्या हवेपेक्षा त्यांचा अधिक उपयोग झालेला दिसला नाही. दारात येऊन मोकळा श्वास घ्या. तेवढे पुरते आणि फुकट असते.

दुसरी गोष्ट, आधी कागद, मग कातडी. शाई टिपतो तसल्या कागदाच्या पट्टीवर एक थेंब घ्यावा, पट्टीवर नाव आणि वेळ लिहावी. लगेच, पाव तासाने, एका तासाने, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, असा पाच वेळा वास घ्यावा. कागदावर पास झालेलाच सुगंध हाताच्या पाठीवर घ्यावा. दोन मनगटे एकमेकांवर घासण्याची सवय सोडून द्यावी. लावलेले आपोआप मुरू द्यावे. आणि ज्याच्या कातडीला खाज येते, चट्टा उठतो, त्याने तो सुगंध कितीही आवडला तरी अंगावर घेऊ नये. कपड्याच्या आतल्या घडीला लावावा.

तिसरी गोष्ट, फूल खरे आहे काय? खरे फूल नुसते गोड नसते. मोगऱ्याच्या, जाईच्या वासात इंडोल नावाचा एक घटक असतो. तो एकटा व दाट असला तर घाण वाटतो. विष्ठेतही तोच सापडतो. पण फुलात तो अल्प प्रमाणात असतो आणि त्यामुळेच फूल जिवंत वाटते. सकाळच्या कळीत आणि रात्री उशिराच्या, कडेने पिवळ्या पडलेल्या मोगऱ्यात जो फरक आपल्याला जाणवतो, तो आठवून पाहा. गुलाबाच्या तेलात तर तीनशेहून अधिक घटक मोजले गेले आहेत, आणि त्यांपैकी काही इतके थोडे, की टक्क्याच्या लहानशा अंशात मावतात. तरी ते काढले तर गुलाब गुलाब राहत नाही. स्वस्त अत्तरात एकदोन घटकांचा गुलाब असतो. तो ओळखता येतो, पण शाळेच्या नाटकातल्या शिवाजीसारखा, दाढीवरून.

चौथी गोष्ट, फूल आणि लाकूड यांचा सांधा. गुलाब संपला आणि मग लाकूड सुरू झाले, असे दोन तुकडे दिसले तर जुळणी कच्ची. उत्तम अत्तरात फूल केव्हा उतरले आणि चंदन केव्हा वर आले ते नेमके सांगता येत नाही. संध्याकाळी चंदनाचा वास घेताना मागे कुठेतरी गुलाब आहे असे वाटत राहते. आमची आत्या याला 'पोटात फूल राहिले' असे म्हणे. इतका नेमका शब्द आम्हांला पुढे कुठल्याही पुस्तकात मिळाला नाही.

पाचवी गोष्ट, स्वतःच्या मताबद्दल थोडा नम्रपणा. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांमागची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली आणि त्याबद्दल २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या चारशेंचा संच प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. व्हायोलेट फुलाच्या वासाचा एक घटक काही लोकांना स्पष्ट येतो, काहींना जवळजवळ येतच नाही, आणि हा भेद जन्मजात असतो. तेव्हा नवरा म्हणतो 'फार उग्र', बायको म्हणते 'अगदी मंद', आणि दोघेही खरे बोलत असतात. घरातली पुष्कळ भांडणे या जातीची असतात. पण तो विषय दुसऱ्या व्याख्यात्यासाठी सोडून देऊ.

आता चंदनाविषयी चार शब्द, कारण अत्तराचा सारा डोलारा त्याच्यावर आहे आणि तोच डळमळला आहे.

चंदनाचे झाड अर्धे परोपजीवी. त्याची मुळे जमिनीखाली शेजारच्या तुरीच्या, बाभळीच्या, कडुनिंबाच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि त्यांच्याकडून पाणी व क्षार घेतात. ज्याच्या सोशिकपणाचे गोडवे आपण गातो, दुसऱ्यासाठी झिजावे चंदनासारखे म्हणून मुलांना सांगतो, ते झाड जमिनीखाली शेजाऱ्याच्या ताटातले जेवते! मनुष्यस्वभावाला हे उदाहरण अधिकच लागू पडते असे आम्हांला वाटते. वास असतो तो आतल्या गाभ्यात. गाभा धरायला दहाएक वर्षे लागतात आणि तेल चांगले भरायला वीस-तीस. म्हैसूरच्या टिपू सुलतानाने १७९२ साली चंदन हे राजवृक्ष ठरविले, तेव्हापासून त्यावर सरकारचा हक्क चालत आला. १९१६ साली बंगळुरास चंदनतेलाचा कारखाना उभा राहिला. परंतु स्वतःच्या शेतात उगवलेले झाडही आपले नाही म्हटल्यावर शेतकरी त्याची राखण कशाला करील? झाडे चोरीला गेली, जंगले विरळ झाली. कर्नाटकाने २००१ साली कायदा बदलून शेतकऱ्याला आपल्या चंदनावर मालकी दिली, तोवर उशीर झाला होता. निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ सालीच या झाडाची नोंद धोक्यातल्या जातींत केली होती. आज आपले चंदन ऑस्ट्रेलियातल्या मळ्यांत मोठ्या प्रमाणावर लावले जाते आणि तिथून जगभर विकले जाते.

परिणाम असा, की खुद्द कनौजला पुष्कळ कारागिरांना चंदनतेल परवडेनासे झाले आणि भपक्यात द्रव पॅराफिन व तत्सम वासहीन द्रव आले. फूल तेच, देग तीच, कारागीर तोच. फक्त बैठक गेली. १९६८ साली आमच्या ओसरीवर जे क्वचित घडले, ते आता बाजारात सर्रास घडते. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 'चंदनावर ओढलेले' अत्तर पाण्याच्या भावात मिळत असेल, तर त्यात चंदन नाही; हिशेबच तसा आहे. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच हजार किलो गुलाब लागतात, आणि चंदनाला माणसाचे अर्धे आयुष्य. दुसरे, चंदनतेलाची अखेरची परीक्षा प्रयोगशाळेतच होते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यात अल्फा सँटालॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सँटालॉल १६ ते २४ टक्के असावे लागते. घाऊक माल घेणाऱ्याने तो दाखला मागावा. आपल्यासारख्या कुपीभर घेणाऱ्याला मात्र कापूस, कोनाडा आणि दुसरी सकाळ एवढी प्रयोगशाळा पुरे.

आपल्या जिराईत भागांत चंदन लावू पाहणाऱ्या शेतकऱ्यांना एकच सांगणे. रोप लावताना सोबतीला तूर, शेवरी असे पोशिंदे झाड लावा. सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. तोडणीला वनखात्याची परवानगी लागते हे विसरू नका. आणि 'दहा वर्षांत कोट्यधीश' म्हणून रोपे विकणाऱ्याचे पहिल्या क्षणाचे भाषण ऐकून पिशवीला हात घालू नका. तेथेही आत्याचाच नियम.

लावण्याविषयी थोडे. आपण लावलेला वास आपल्याला दहा मिनिटांनी कमी वाटू लागतो. तो कमी झालेला नसतो, नाक दमलेले असते. इथे माणूस चुकतो आणि आणखी लावतो. मग एस. टी. तल्या साठ माणसांना त्याचा प्रवास घडतो. भरगच्च फुलांचे आणि चंदनाचे अत्तर हे थंडीचे, संध्याकाळचे, समारंभाचे. चैत्र-वैशाखाच्या या उन्हाळ्यात वाळा, केवडा, गुलाबपाणी बरे, चंदन थोडेच. दवाखान्यात, आजाऱ्याच्या खोलीत, दमेकऱ्याच्या शेजारी बसताना काहीच लावू नये. बर्गमॉटसारख्या फळांच्या तेलाचे सुगंध कातडीवर लावून उन्हात गेल्यास काळे डाग उठतात, तेही जपावे. कुपी उजेडात व उष्णतेत ठेवू नये. कपाटात, काळोखात, बूच घट्ट लावून ठेवावी. हात पुढे केल्यावर समोरच्याला वास यावा, हात पुढे करण्याआधी येऊ नये. हे प्रमाण ज्याला साधले त्याला अत्तर साधले.

आता शेवटची गोष्ट. ती सांगण्यासाठीच खरे म्हणजे आम्ही हा विषय घेतला.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर आम्हां मुलांना अत्तर लावण्याचे काम आत्याकडे असे. एका ओळीत आम्ही उभे, आणि ती प्रत्येकाच्या हाताच्या पाठीवर एक बोट फिरवी. एकाला अधिक, एकाला उणे, असे कधी झाले नाही. सारे झाले, की ती मागल्या दारी जाई आणि चुलीतल्या राखेने हात घासून धूत असे. ती का धुते हे आम्ही कधी विचारले नाही. धुवायचेच असते, इतकेच आम्हांला माहीत होते. ज्या नाकाने साऱ्या घराचे अत्तर निवडले, त्या नाकाच्या धनिणीला ते अंगावर ठेवण्याची मुभा नव्हती.

मूल होतो तेव्हाचे सोडून द्या. १९८१ साली आमच्या मुलाची मुंज झाली. तेव्हा आम्ही चांगले शिकलेले, चार सभांतून बोलणारे गृहस्थ होतो. पंगत उठल्यावर अत्तरदाणी घेऊन आम्ही स्वतःच बायकांच्या बाजूला गेलो. एकेकीने हात पुढे केला, आम्ही बोट फिरवीत गेलो. आत्या बसली होती तिथे आलो. तिने हात पदराखाली घेतला. आम्ही क्षणभर थांबलो आणि पुढे गेलो. कुणी आम्हांला अडविले नव्हते. 'आत्या, हात पुढे कर' एवढे चार शब्द बोलायचे होते. ते बोललो नाही. त्या अत्तराची निवड तिचीच होती, आणि आदल्या दिवशीचा कापूस तिनेच कोनाड्यात ठेवला होता.

आत्या गेल्यावर तिची ट्रंक उघडली. दोन लुगडी, पोथी, आणि फडक्यात गुंडाळलेली एक काचेची कुपी. तिच्या लग्नातली असावी. तळाशी आटून मधासारखा झालेला थेंब होता. बूच काढले. फूल केव्हाच गेले होते, चंदन होते. आम्ही बराच वेळ वास घेत बसलो. वास संपला नव्हता, आमचे नाक दमले तेव्हा बूच लावले.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की आपल्या गावात पतीच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास उत्तेजन देणारे परिपत्रक काढले. ठरावाने सारे बदलते असे आम्ही म्हणत नाही. बांगडी आणि कुंकू डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचा ठराव तरी होतो. अत्तर दिसत नाही. हळदीकुंकवाच्या ओळीत बोट एका हातावरून दुसऱ्या हातावर जाताना मधला हात चुकविते, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकविणारा आणि ज्याचा हात चुकला ती, या दोघांनाच ते कळते.

आम्ही फार मोठे काही मागत नाही. या वर्षी तुमच्या घरी लग्नमुंज असेल, हळदीकुंकू असेल. अत्तर चांगले निवडा. कापसावर घेऊन एक रात्र ठेवा. आणि अत्तरदाणी फिरविताना प्रत्येक हातापुढे थांबा. जिला नको असेल ती नको म्हणेल. कुणाला वास सोसत नसेल, कुणाची मर्जी नसेल. तो तिचा अधिकार. पण विचारा सर्वांना. पदराखालचा हात आपणहून बाहेर येणार नाही. पहिल्याने विचारणाऱ्यालाच थोडे धैर्य लागते. आम्हांला ते झाले नव्हते, म्हणून आज या वयात इथे उभे राहून सांगावे लागत आहे.

आमच्या स्नेह्यांचा प्रश्न होता, हाताला लावायचे, नाकाशी न्यायचे, त्यात सांगण्यासारखे काय? कुणाच्या हाताला लावायचे, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते.